मिक्सरचा पट्टा आणि मिस्त्रीची बोटे

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरून निघून मुंब्रा, कौसा, शीळफाटा करीत कल्याण-डोंबिवली गाठावी, तर वाटेत इमारतींची कामे काही संपत नाहीत. एका प्लॉटवर स्लॅब पडतो न पडतो तोच शेजारी खोदाई सुरू झालेली असते. पाटी बिल्डरच्या नावाची असते हे खरे. परंतु तेथे लागणारे मिक्सर, व्हायब्रेटर, सळई कापण्याची व वाकविण्याची यंत्रे, माल चढविण्याच्या लिफ्ट भाड्याने देणारे, त्या दुरुस्त करणारे आणि त्यांचे सुटे भाग विकणारे यांत आपल्या बांधवांची संख्या मोठी आहे. या धंद्याविषयी लिहायचे म्हटले की इंजिन, मोटर, गिअर यांवर भरपूर लिहिले जाते. या वेळी आम्ही या यंत्रांतील सर्वांत स्वस्त भागाविषयी लिहिणार आहोत. तो म्हणजे पट्टा. दुकानात ज्याला व्ही-बेल्ट म्हणतात तो.

काही दिवसांपूर्वी आम्ही या पट्ट्यातील काही कामांवर फेरी मारली. एका ठिकाणी एक बॅगचा डिझेल मिक्सर चालू होता. पट्टे उघडे, पुली उघडी, आणि पुलीपासून हातभर अंतरावर एक मुलगा घमेले घेऊन उभा. मिस्त्रींना विचारले, "उस्ताद, पट्ट्यावरची जाळी कुठे गेली?" उत्तर आले, "गोदामात आहे भाई. पट्टा बदलताना काढली होती." "पट्टा कधी बदलला?" "मागच्या पावसाळ्यात." पुढे ज्या ज्या ठिकाणी जाळी दिसली नाही, तेथे थोड्याफार फरकाने हेच उत्तर मिळाले. जाळी नाही असे कोणीच म्हणत नाही. ती आहे, फक्त यंत्रावर नाही.

१० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीच्या कामावरील लिफ्ट कोसळून सात कामगार मरण पावले. ती बातमी सर्वत्र आली, चौकशी झाली, चर्चा झाली. पण पट्ट्यात बोट जाण्याची बातमी कोठे येत नाही. जखमीला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेतात, मुकादम दोन-चार हजार हातावर ठेवतो आणि संध्याकाळी मिक्सर पुन्हा चालू होतो. म्हणूनच हा विषय आम्हाला या पानावर घ्यावासा वाटला.

पट्टा बोट का ओढतो?

पूर्वी कापड गिरण्यांतून छताला एक लांब फिरता दांडा असे आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरत. सपाट पट्टा घसरतो, निसटतो. १९१७ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात जॉन गेट्स यांनी रबर आणि कापडाचा, तळाशी निमुळता असा पट्टा तयार केला. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. जितका भार वाढेल तितका तो खाचेत घट्ट रुततो, म्हणून घसरत नाही. आज मिक्सरपासून खडीच्या क्रशरपर्यंत सगळीकडे त्याचेच राज्य आहे. परंतु जी पाचर भार ओढते तीच बोटही ओढते. पट्टा जेथे पुलीवर चढतो त्या चिमटीत काहीही सापडले की ते खाचेत दाबले जाते आणि पट्टा ते सोडत नाही.

वेगाचा हिशेब करून पाहू. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरवर १०० मि.मी. व्यासाची पुली असेल तर पट्टा सेकंदाला सुमारे साडेसात मीटर धावतो. हाताला धोका कळून तो मागे येण्यास पाव सेकंद लागला असे धरले, तरी तेवढ्यात पट्टा जवळजवळ दोन मीटर पुढे गेलेला असतो. "माझा हात फार चलाख आहे" असे म्हणणारे कारागीर आम्हाला भेटतात. हात कितीही चलाख असला तरी या हिशेबात तो बसत नाही.

बोटाखेरीज कपडाही आत जातो. ढगळ कुर्त्याची बाही, खांद्यावरचा गमछा, लुंगीचे टोक, मनगटातील दोरा, अंगठी, यांपैकी काहीही चिमटीत सापडले तरी पुढचा प्रकार तोच. हातमोज्यांविषयी गैरसमज आहे. सळई हाताळताना हातमोजे हवेतच. पण फिरत्या पट्ट्याजवळ तेच हातमोजे हाताला आत नेतात.

वीज गेली म्हणजे यंत्र बंद झाले नव्हे

आमच्या मते या भागातील सर्वांत मोठा धोका हा आहे. दुपारी वीज जाते. सळई वाकविण्याचे यंत्र थांबते. मिस्त्रीला वाटते, बरे झाले, आता पट्टा जरा पाहून घेऊ. तो जाळी काढतो, पट्ट्याला हात घालतो आणि त्याच क्षणी वीज परत येते. स्विच चालूच राहिलेला असतो. यंत्राला आत कोणाचा हात आहे हे कळत नाही.

चांगल्या स्टार्टरमध्ये वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज आल्यावर हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. पण पुष्कळ यंत्रांवर नुसता फिरवायचा स्विच असतो. तो जसा ठेवाल तसा राहतो. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे पाहण्यास एक मिनिट लागते. जाळी जागेवर ठेवून यंत्र रिकामे चालू करावे, मेन स्विच खाली पाडावा, मग पुन्हा वर करावा. यंत्र आपोआप फिरू लागले तर तो स्विच बदलून स्टार्टर बसवून घ्यावा. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

स्टार्टर असो वा नसो, पट्ट्याला हात लावण्यापूर्वी मेन बंद करून फ्यूज काढावे आणि ते फ्यूज पट्टा तपासणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात असावे. मुकादमाच्या नव्हे, हेल्परच्या नव्हे. एमसीबी असेल तर त्यावर छोटे कुलूप घालण्याची सोय मिळते. त्याची किल्लीही त्याच खिशात. डिझेल इंजिन असेल तर डिझेल बंद करावे आणि हँडल काढून आपल्याजवळ ठेवावे. बॅटरीवर चालू होणाऱ्या जनरेटरचे बॅटरीचे टोक सोडवावे, कारण काही जनरेटर वीज गेली की आपोआप चालू होतात. जेसीबीची चावी ड्रायव्हरजवळ न ठेवता काम करणाऱ्याने घ्यावी, पुढचा बकेट जमिनीवर टेकवावा आणि इंजिन गार होऊ द्यावे.

एवढ्याने भागत नाही. क्रशरचे जड फ्लायव्हील मेन बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. मिक्सरचा हॉपर वर असेल तर तो खाली उतरवावा आणि ड्रम रिकामा करावा. ड्रममध्ये एका बाजूला माल बसलेला असेल तर पट्टा सुटताच ड्रम वजनाने गरकन फिरतो. माल चढविण्याच्या लिफ्टची ट्रॉलीही आधी तळाला आणावी.

तपासणी कशी करावी

कारागीर बांधवांना वाटते पट्टा तपासणे म्हणजे अंगठ्याने दाबून पाहणे. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

पहिली तपासणी कानाची आणि ती दुरूनच. यंत्र सुरू करताना किंवा भार येताच लांब किंचाळी ऐकू आली तर पट्टा बहुधा सैल आहे. सतत टिकटिक किंवा चिवचिव येत असेल तर पुली एका रेषेत नसाव्यात. जळक्या रबराचा वास आला तर पट्टा घसरतो आहे. पुलीखाली काळी पूड साचली असेल तर पट्टा बाजूने घासला जातो आहे. हे सर्व जाळी न काढता कळते.

मग यंत्र वर सांगितल्याप्रमाणे बंद करून, बॅटरीच्या उजेडात पट्टा सबंध फिरवून पाहावा. येथे एक चूक सर्रास होते. पट्टा मुठीत धरून ओढतात आणि त्यामुळे पुली फिरते. ओढता ओढता बोटे पुलीखाली जातात. यंत्र बंद असतानाही अशी बोटे चेचली जातात. पुली फिरवायची असेल तर ती मोठ्या पुलीच्या कडेला धरून थोडी थोडी फिरवावी. पट्ट्याला हात लावायचा तो दोन पुलींच्या मधोमध, वरून. एकाने फिरवायचे आणि दुसऱ्याने पाहायचे असे असेल तर "फिरव" म्हणणारा माणूस एकच असावा, आणि तो म्हणजे ज्याचे डोळे व हात पट्ट्याजवळ आहेत तो.

पट्ट्याच्या आतल्या बाजूस आडव्या भेगा असतील, कडेचे कापड सुटून धागे लोंबत असतील, किंवा एखादा तुकडा निघालेला असेल तर तो पट्टा गेला. बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरून भाजला आहे. तो ताणून पुन्हा चालविण्यात अर्थ नाही. डिझेल किंवा ग्रीस लागून फुगला असेल तर तोही टाकावा. यंत्र थांबताच पट्टा हाताला सोसवत नाही इतका गरम लागला तर कारण शोधावे. पट्ट्याचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते असा जाणकारांचा हिशेब आहे.

पुली मात्र कोणी पाहत नाही, आणि नवा पट्टा लवकर जाण्याचे कारण पुष्कळदा तीच असते. पट्टा खाचेत बसल्यावर त्याची पाठ पुलीच्या कडेबरोबर यायला हवी. तो खोल बसत असेल आणि खाचेचा तळ चकाकत असेल, तर खाच झिजली आहे. पट्टा बाजूंनी पकडायचा सोडून तळावर टेकतो, म्हणजे पाचरच राहत नाही. अशा पुलीवर कितीही महागडा पट्टा चढवा, तो महिनाभरात घसरणार. मग दोष दुकानदाराला दिला जातो.

ताणाचे माप सोपे आहे. दोन पुलींच्या मधल्या मोकळ्या भागात दर मीटरला १६ मि.मी. दबला पाहिजे. भाग अर्धा मीटर असेल तर ८ मि.मी. दाब किती द्यायचा? बी पट्ट्याला साधारण दोन ते तीन किलो, सी पट्ट्याला चार ते सहा किलो. यासाठी रद्दीवाला वापरतो तो स्प्रिंगचा काटा चालतो. काट्याचा हूक पट्ट्यात अडकवून ओढावे आणि शेजारी पट्टी धरून पाहावे. ज्याच्या अंगठ्याला वीस वर्षांची सवय आहे त्याला काट्याची गरज नसेल. पण शागीर्दाला शिकवायला काटाच बरा. अति ताणलेला पट्टाही वाईटच. तो बेअरिंग खातो आणि मोटरचा दांडा वाकवितो.

पुली एका रेषेत आहेत की नाही हे पाहण्यास गवंड्याची दोरी पुरते. पुलींच्या कडेला ताणून धरली असता ती दोन्ही पुलींच्या दोन्ही कडांना, म्हणजे चार ठिकाणी, टेकली पाहिजे. दोन्ही पुलींच्या कडांची जाडी सारखी नसेल तर तेवढा फरक धरावा.

पट्टा चढविताना स्क्रू ड्रायव्हर किंवा टामी घालून उचकटून चढविण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिलाच हुनर समजतात. तसे केल्याने आतले दोर तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि पट्टा आठवड्यात उलटतो. टामी निसटली तर मनगट जाते ते वेगळेच. मोटरचे बोल्ट सैल करून मोटर पुढे घ्यावी, पट्टा हाताने सहज बसवावा, मग मोटर मागे ओढून ताण द्यावा. दोन-तीन पट्ट्यांचा संच असेल तर सगळे एकदम बदलावेत. जुन्यात एक नवा घातला तर जुने आधीच लांबलेले असल्याने सर्व भार नव्यावर येतो. नवा पट्टा वीस मिनिटे भारावर चालवून, यंत्र पुन्हा पूर्ण बंद करून ताण पाहावा, दुसऱ्या दिवशी परत एकदा पाहावा.

पावसाळ्यात पट्टा भिजून घसरू लागला की त्यावर राळ, माती, क्वचित गूळसुद्धा टाकताना आम्ही पाहिले आहे, आणि तेही चालू यंत्रावर! राळ चार तास पकड देते आणि नंतर पट्ट्याचे कापड खाते. भिजला तर पुसावा, वाळवावा, वर पत्र्याचे झाकण करावे.

नव्या जेसीबींवर व मोठ्या इंजिनांवर अनेक बारीक खाचांचा एकच रुंद पट्टा येतो. त्याचा ताण स्प्रिंगच्या पुलीने आपोआप राहतो, म्हणून तो अंगठ्याने मोजण्यात अर्थ नाही. अलीकडच्या रबरात भेगाही सहसा पडत नाहीत. खाचा खोल होत जातात. भेग नाही म्हणून पट्टा नवा आहे असे समजू नये.

ही तपासणी आठवड्यातून एकदा पुरे. आपल्यापैकी अनेकांची गॅरेज शुक्रवारी बंद असतात किंवा दुपारनंतर उघडतात. यंत्र उभे असते, घाई नसते, स्लॅबवाला डोक्यावर बसलेला नसतो. त्याहून चांगली वेळ कोणती?

जाळीचा प्रश्न

जाळी का काढली जाते, हे आम्ही मुद्दाम विचारले. कारणे दोनच निघाली. एक, सहा बोल्ट गंजलेले असतात आणि योग्य पाना साइटवर नसतो. दोन, पूर्ण पत्र्याचे कव्हर असले की आतला पट्टा दिसत नाही. म्हणजे कारागीर बेफिकीर आहे असे नुसते म्हणून चालणार नाही. जाळीच चुकीची बनविलेली आहे.

हे काम आपल्या फॅब्रिकेशनवाल्या बांधवांनी हाती घेण्यासारखे आहे. पत्र्याऐवजी वेल्डमेशची जाळी घ्यावी, म्हणजे बाहेरूनच पट्टा दिसतो. एका बाजूला बिजागरी द्यावी, म्हणजे जाळी उघडली तरी यंत्रालाच राहील, गोदामात जाणार नाही. दुसऱ्या बाजूला एकच बोल्ट असावा, त्याचा पाना यंत्रालाच साखळीने बांधलेला असावा. हाताने सहज उघडणारी कडी मात्र नको. चालत्या यंत्रावर ती उघडलीच जाते.

जाळीचा डोळा किती असावा यालाही आंतरराष्ट्रीय माप आहे. चौकोनी डोळा १० मि.मी. असेल तर जाळी पट्ट्यापासून निदान २५ मि.मी. दूर हवी. डोळा १२ मि.मी. असेल तर ८० मि.मी., आणि त्याहून मोठा, २० मि.मी.पर्यंत असेल तर १२० मि.मी. कारण उघड आहे: डोळा जितका मोठा तितके बोट आत जाते. आणखी एक गोष्ट. आपल्याकडील जाळ्या फक्त समोरून असतात. पट्ट्याची चिमटी मागूनही तितकीच उघडी असते, आणि हेल्पर बहुधा मागेच उभा असतो.

कायदा आणि टक्केवारी

१९४८ च्या कारखाने कायद्याचे २२ वे कलम याच विषयाचे होते. चालू यंत्राची तपासणी करणे किंवा पट्टा चढविणे भागच पडले तर ते खास शिकलेल्या, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुषानेच करावे, ते कपडे मालकाने द्यावेत आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे, असे ते सांगत असे. पट्टा १५ सें.मी.पेक्षा रुंद असेल तर फिरत्या पुलीवर त्यालाही हात लावण्याची मुभा नव्हती. अठरा वर्षांखालील मुलाला चालू यंत्राच्या धोकादायक भागाला तेल घालण्यास वा तो पुसण्यासही मनाई होती. बांधकामासाठी १९९६ साली वेगळा कायदा आला. दहा किंवा अधिक कामगार असलेली कामे त्यात येत. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेत हे दोन्ही कायदे सामावून घेण्यात आले. गॅरेजमधील शागीर्दाच्या वयाकडे आपण कानाडोळा करतो, म्हणून ही आठवण.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईची शक्ती किती गेली याची टक्केवारी छापलेली होती. अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, एका हाताची चारही बोटे ५०. कागदावर तर्जनीची किंमत चौदा टक्के. पण ज्या फिटरच्या बोटांना बेअरिंगचा खडखड स्पर्शाने कळतो त्याचा धंदा चौदा टक्क्यांनी कमी होत नाही, तो कित्येकदा बंदच पडतो.

खरेदी आणि भाडेपावती

दुकानदारांसाठी थोडेसे. ए पट्टा १३ मि.मी. रुंद व ८ मि.मी. जाड, बी १७ व ११, सी २२ व १४. पुढचा आकडा आतल्या लांबीचा, इंचांत. बी-६० म्हणजे साठ इंच. पट्टे खिळ्याला टांगू नयेत, वेल्डिंगजवळ किंवा उन्हात ठेवू नयेत, रबर तडकते. ज्याच्यावरील छपाई बोटाने पुसली जाते असा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि गिऱ्हाइकाने एकच पट्टा मागितला तर संच किती पट्ट्यांचा आहे हे विचारावे.

यंत्र भाड्याने देणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. यंत्र मालकाचे, ऑपरेटर ठेकेदाराचा, साइट बिल्डरची, पट्टा कोणाचा? अपघात झाल्यावर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. यावर आम्हाला एक साधा उपाय सुचतो. आपल्या भाडेपावतीवर, दर आणि डिझेलच्या ओळीखाली, दोन ओळी छापून घ्याव्यात आणि यंत्र नेणाऱ्याची सही त्याखाली घ्यावी: "यंत्र पट्ट्याच्या जाळीसह दिले आहे व जाळीसह परत घेतले जाईल. पट्टा यंत्र पूर्ण बंद करूनच तपासावा. बदलायचा झाल्यास मालकास कळवावे, पट्टा व मिस्त्री आमच्याकडून येईल."